सामोआतली वंशावळ कशी शोधायची? आजेसासऱ्यांची तीन नावं आणि दोन गावं

जवारी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचत असते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबलाय जरा, सांभाळून घ्या.

मी मूळची मिरजेची, गेली १४ वर्षं ऑकलंडला, मांगेरेत राहते. नवरा सामोअन, जन्म त्याचा इथलाच पण आजी-आजोबा सामोआहून आलेले. आजेसासरे मागच्या हिवाळ्यात गेले आणि सगळी कागदपत्रं माझ्याकडे आली, कारण घरात कागद लावून ठेवणारी मीच. तेव्हा लक्षात आलं की त्यांची तीन नावं आहेत. १९६० साली ते ज्या बोटीने आले तिच्या प्रवासी यादीत एक आडनाव. घरच्या बायबलच्या मागच्या कोऱ्या पानावर दुसरं. आणि अंत्यविधीच्या पत्रिकेवर तिसरंच, ते तर आडनावासारखं वाटतच नाही, आधी एक मोठा शब्द आणि त्याच्यामागे त्यांचं रोजचं नाव, सोसेफो. गावाचंही तेच. त्यांची धाकटी बहीण (आम्ही त्यांना आत्याआजी म्हणतो, त्या सामोआतच असतात) सांगते आपलं गाव सालेआउला, आणि जन्मदाखल्यावर लिहिलंय लेआउवाआ. एक गाव सावाईई बेटावर, दुसरं उपोलू बेटावर, मध्ये समुद्र!

आता हे सगळं आत्ताच का, तर लेकीच्या शाळेत माओरी पद्धतीने स्वतःची ओळख करून द्यायची असते, माझा डोंगर हा, माझी नदी ही, माझी माणसं ही. तिने "माझी नदी कृष्णा" हे झटकन लिहिलं आणि बाबाच्या बाजूच्या रकान्यात पेन्सिल टेकवून नुसती बसून राहिली. मला ते बघवलं नाही. नवरा म्हणतो आजोबांना विचारायला हवं होतं. आता कुणाला विचारायचं?

कुणी पॅसिफिक बेटांवरच्या वंशावळीचं काम केलंय का? सरकारी दप्तरं, चर्चच्या वह्या, काहीही चालेल. खरी आडनावं द्यायची नाहीयेत, घरच्यांना आवडणार नाही.

पन्हाळी

ताई, सामोआचं मला काही माहीत नाही पण धागा वाचून एकदम आमचे हेळवी आठवले. आमच्याकडे कोल्हापूर-सांगली पट्ट्यात अजूनही काही घरी हेळवी येतात, पूर्वी बैलावरून यायचे, सुगी झाली की. घराच्या उंबऱ्यापाशी बसून खापरपणज्याच्याही वरची नावं सांगतात, कोण कुठल्या गावाहून उठून आला, कुणाला किती लेकरं, कुणाची शाखा कर्नाटकात गेली. धान्य घेतात, नवीन जन्मलेल्यांची नावं वहीत चढवतात आणि जातात. सामोआत असं सांगणारं कुणी असतं का? असेल तर कागदाच्या आधी त्याला गाठा, एवढंच म्हणेन. त्र्यंबकेश्वरच्या पुरोहितांच्या वह्या पण गावानेच लागतात ना, आडनाव सांगितलं तर आधी विचारतात, मूळ गाव कुठलं.

किवीकाका

पन्हाळी, बरोबर नस पकडलीत. जवारी, मी वेलिंग्टनला असतो, माझ्या सुनेचं माहेर सामोअन आहे, तिच्या घरची वंशावळ लावायला तीन वर्षं मदत केलीय, तेव्हा जे शिकलो ते लिहितो.

पहिली गोष्ट, वंशावळीला सामोअन शब्द गाफा, उच्चार मात्र "न्गाफा", त्यांच्याकडे लिहिताना ग लिहितात आणि म्हणताना न्ग म्हणतात. आणि हो, सांगणारे असतात. तुलाफाले म्हणजे गावाचे वक्ते, त्यांना गाफा तोंडपाठ असते, गावातल्या कुठल्या घराण्याचा मान काय, कुणाला काय म्हणून संबोधायचं हे सगळं त्यांच्याकडे. पण ते हेळव्यांसारखं दारोदार सांगत नाहीत. उलट चारचौघात दुसऱ्याची गाफा उच्चारणं हा मोठा अपमान होऊ शकतो. कारण त्यावर जमीन आणि पद दोन्ही ठरतं. सामोआतली ८० टक्क्यांच्या आसपास जमीन अजून घराण्यांच्या सामाईक मालकीची आहे, विकता येत नाही.

दुसरी, तुमच्या तीन नावांची. सामोआत परंपरेने आडनाव नव्हतंच. मुलाच्या नावामागे बापाचं पहिलं नाव लागायचं, आपल्याकडे मधलं नाव लागतं तसं, फक्त त्याच्यापुढे काही नाही. पुढच्या पिढीत ते बदलणार. न्यूझीलंडला यायचं तर फॉर्मवर आडनावाचा रकाना, मग तिथे बापाचं नाव भरलं गेलं आणि तेच गोठलं. पत्रिकेवरचा तो मोठा शब्द म्हणजे मताई पद, त्यांना कधीतरी ते पद मिळालं असणार. मताई म्हणजे घराण्याचा प्रमुख, त्याचं पद हे नाव म्हणूनच लागतं. समजा एखाद्या कागदात नुसतं "पेशवे" लिहिलंय. साल बघितल्याशिवाय तुम्हाला माणूस कळेल का? बाळाजी विश्वनाथ का बाजीराव का नानासाहेब? तसंच हे. एकच पद पाच पिढ्यांत आठ जणांकडे गेलेलं असतं, आणि हल्ली तर एकाच वेळी अनेकांना विभागून देतात. बापाकडून मुलाकडेच जाईल असंही नाही, घराणं बसून ठरवतं, पुतण्याला जाईल, भाच्याला जाईल, मुलीकडून आलेल्या नातवाला जाईल. म्हणून पदावरून वर चढत गेलात की चुकीच्याच माणसाच्या घरात शिराल. मी शिरलो होतो, सहा महिने गेले.

तेव्हा आडनावाने शोधू नका. गावाने शोधा. दोन सामोअन माणसं भेटली की आधी विचारतात, ओ फेआ लोउ नुउ, तुझं गाव कुठलं.

जवारी

काका, पेशव्यांचं उदाहरण नवऱ्याला इंग्रजीत समजावून सांगायला अर्धा तास लागला पण त्याला पटलं एकदम!

एक चूक माझ्याकडून झालीच. तुमचं उत्तर यायच्या आधी मी उत्साहाच्या भरात नवऱ्याच्या एका चुलतभावाला मेसेज केला, आजोबांच्या आधी हे पद कुणाकडे होतं, त्यांच्या बापाचं नाव काय. त्याचं उलट विचारणं आलं की तुम्हाला पदावर हक्क सांगायचाय का. मी थंडच पडले. मला फक्त लेकीच्या वहीत लिहायचं होतं. शेवटी सासूबाईंनी फोन करून मिटवलं.

किवीकाका

होतं असं, मनाला लावून घेऊ नका. त्याच्या बाजूनेही बघा. राजधानी आपियाला मुलिनुउमध्ये जमीन आणि पदांचं कोर्ट आहे, तिथे जर्मनांचं राज्य असताना त्यांनी १९०३ साली काढलेल्या आयोगापासून ती परंपरा चालत आलीय, आणि तिथे पदाच्या दाव्यात पुरावा काय द्यायचा असतो? गाफाच. दोन्ही बाजू आपापली गाफा मांडतात, त्यामुळे कोर्टाच्या जुन्या फायली म्हणजे वंशावळीची खाणच आहे, पण एकाच माणसाला दोन फायलींत दोन बाप निघू शकतात आणि दोन्ही शपथेवर. वाचताना हे कायम डोक्यात ठेवायचं की हा कागद कुणी, कशासाठी केला. आणि जाताना घरातला कुणीतरी सुली, म्हणजे वारस, सोबत पाहिजे, आपण सुना-सासरे तिथे परकेच.

आता कागदांकडे. आजेसासऱ्यांचं नाव सोसेफो म्हणालात ना? म्हणजे घर कॅथलिक असणार. प्रोटेस्टंट घरात जोसेफचा इओसेफा होतो, कॅथलिक घरात सोसेफो. पीटरचंही तसंच, पेतेरू आणि पेतेलो. नावावरून कुठल्या चर्चची वही उघडायची ते कळतं. लंडन मिशनचे जॉन विल्यम्स १८३० मध्ये सावाईईवर सापापालीईला उतरले, मेथडिस्ट १८३५ मध्ये, कॅथलिक मारिस्ट पाद्री १८४५ मध्ये, मॉर्मन १८८८ मध्ये. लंडन मिशनचं दप्तर लंडनला सोआस विद्यापीठात आहे, त्याच्या मायक्रोफिल्म ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ट्रोव्ह या आपल्या संकेतस्थळावर फुकट टाकल्यात, पण ती मुख्यतः मिशनऱ्यांची पत्रं आणि डायऱ्या, तुमच्या उपयोगाची कमी. तुम्हाला बाप्तिस्म्याची वही हवी, आणि ती गावच्या चर्चमध्येच बघा आधी. कॅनबेराच्या पॅसिफिक मॅन्युस्क्रिप्ट्स ब्यूरोने मारिस्टांच्या दप्तराच्याही मायक्रोफिल्म केल्यात, ते नंतर.

जन्म-मृत्यूची सरकारी नोंद आपियाला सांख्यिकी कार्यालयात. जुन्या नोंदी गावच्या पुलेनुउमार्फत, म्हणजे सरपंचच समजा, जायच्या, आणि कित्येकदा मूल शाळेत जायच्या वेळेला किंवा पासपोर्ट काढायच्या वेळेला नोंद झालेली असते. त्यामुळे दाखल्यावरची तारीख आणि बाप्तिस्म्याची तारीख जुळली नाही तर चर्चची खरी धरा, ती त्याच आठवड्यात लिहिलेली असते.

नवशिका२०१

एवढं सगळं करण्यापेक्षा डीएनए टेस्ट का नाही करत? शंभर डॉलरमध्ये सगळे नातेवाईक समोर.

किवीकाका

केली होती सुनेने. हजारो लोक "चौथ्या पिढीतले भावंड" म्हणून आले, त्यात हवाईचे, टोंगाचे, माओरी पण. पॉलिनेशियातली मूळ वस्ती थोड्या माणसांपासून वाढलेली, त्यामुळे सगळ्यांचे तुकडे सगळ्यांशी जुळतात आणि नातं आहे त्यापेक्षा जवळचं दिसतं. जवळचं नातं, म्हणजे सख्खं चुलत, एवढ्यापुरतं चालतं. गाव सांगत नाही, पद सांगत नाही.

अक्षरगाठ

वाचतेय, फार छान धागा. मी पुण्यात जर्मन शिकवते आणि जुन्या जर्मन हस्ताक्षरातले कागद लावून देते, त्यामुळे सामोआचं नाव मला जर्मन बाजूने माहितीय. १९०० ते १९१४ पश्चिम सामोआ, म्हणजे आजचा सामोआ देश, जर्मन वसाहत होती, २९ ऑगस्ट १९१४ ला न्यूझीलंडच्या फौजेने ती घेतली. त्या चौदा वर्षांतलं काही सापडलं आणि वाचता येत नसेल तर फोटो पाठवा, मी वाचून देईन, पैसे वगैरे नको.

अजून एक. आउगुस्टिन क्रेमर नावाचा जर्मन नौदलाचा डॉक्टर होता, त्याने गावोगावच्या जाणत्यांकडून घराण्यांच्या वंशावळी आणि गावांचे मानाचे संबोधन-पाठ गोळा केले, १९०२ आणि १९०३ साली दोन खंड छापले, सामोअन मजकूर आणि शेजारी जर्मन. पुढे इंग्रजी भाषांतरही झालं. मोठ्या घराण्यांच्या वंशावळी आहेत त्यात, साधी घरं सापडणार नाहीत, पण गावाची पदं कुठली हे कळेल.

आणि स्पेलिंग सांभाळा. सामोअन बोलताना त चा क होतो आणि न चा न्ग होतो, लिहिताना मात्र त आणि न. म्हणजे परक्या कारकुनाने कानावर पडलं तसं लिहिलं असेल तर एकच नाव क ने सुरू झालेलं सापडेल. मी असं एक नाव एकाच पानावर दोन तऱ्हेने लिहिलेलं बघितलंय, आधी त, मग क, शाई एकच.

जवारी

अक्षरगाठ ताई, खूप खूप आभार. बोटीच्या यादीत पण तेच असणार! ऑकलंडला आलेल्या बोटींच्या याद्या फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर १९७३ पर्यंत आहेत, तिथे मी कितीतरी रात्री त ने शोधत बसले होते आणि शेवटी बोट माहीत होती म्हणून पानं उलटून सापडलं, क ने लिहिलेलं.

आज बायबलचं ते पान नीट बघितलं. वाळवी नाही पण दमट हवेने कडा तपकिरी झाल्यात, हात लावला की पावडर पडते. वर जन्म, खाली मृत्यू. जन्माच्या नोंदी वेगवेगळ्या शाईत, वेगवेगळ्या हातांच्या. खाली मृत्यूमध्ये एका ठिकाणी चार नावं एकाच शाईत, एकाच हातची, एकाखाली एक, आणि चौघांपुढे नोव्हेंबर १९१८. नवऱ्याने हे पान लहानपणापासून पाहिलंय, त्याने कधी विचारलं नाही म्हणे.

किवीकाका

तो फ्लू आहे, जवारी. ऑकलंडहून निघालेली तालुने बोट ७ नोव्हेंबर १९१८ ला आपियाला लागली, बोटीवर आजारी माणसं होती तरी उतरू दिलं. काही आठवड्यांत सुमारे ८,५०० माणसं गेली, पाचातला एक, थोडं जास्तच. न्यूझीलंडचं राज्य होतं तेव्हा. शेजारच्या अमेरिकन सामोआत गव्हर्नर पॉयरने बंदर बंद करून टाकलं आणि तिथे एकही माणूस दगावला नाही. २००२ मध्ये न्यूझीलंडच्या पंतप्रधान हेलन क्लार्क यांनी जाऊन माफी मागितली.

वंशावळीच्या दृष्टीने याचा अर्थ असा की ज्यांना गाफा पाठ होती ती वयस्क माणसं एका महिन्यात गेली, पुढच्या पिढीला सांगायच्या आत. १९१८ च्या वर जाताना धागा तुटतो तो इथेच. कित्येकांना तर एकत्रच पुरलंय, दगड नाही, नाव नाही. तुमच्याकडे ते पान आहे हे फार मोठं आहे हो. स्कॅन करून ठेवा आजच्या आज, पान दाबून सपाट करू नका, वरून फोटो घ्या नुसता.

चाफेकळी

अंगावर काटा आला वाचून. आमच्या आजोळी प्लेगच्या साली असंच, एका घरातली सगळी गेली आणि एक पोरगा मामाकडे होता म्हणून वाचला, तो आमचा पणजोबा.

माझा एक प्रश्न, जरा अवांतर. माझी एक मैत्रीण आपियाची आहे, तिचं आडनाव "आ" ने सुरू होतं, म्हणते पणजोबा चिनी होते. तिला पुढे काहीच सापडत नाही.

किवीकाका

अवांतर नाही, त्याच दप्तराचा भाग आहे. जर्मनांनी १९०३ पासून मळ्यांवर करारावर चिनी मजूर आणले, न्यूझीलंडनेही ते चालू ठेवलं. "आ" हा चिनी लोकांत लाडाने किंवा जवळिकीने नावाआधी लावतात, म्हणजे ते आडनाव नव्हेच, पणजोबांचं हाक मारायचं नाव होतं. खरं चिनी घराणं त्यातून कळत नाही, ते कराराच्या कागदात शोधायला लागेल. शिवाय १९२१ च्या कायद्याने चिनी मजुराला सामोअन बाईशी लग्नच करायला बंदी होती, त्यामुळे लग्नाची नोंद नाही म्हणून नातं खोटं असं धरू नका. बरेच बाप पुढे परत पाठवले गेले आणि मुलं आईच्या घराण्यात वाढली.

पॅसिफिक_पाखरू

होनोलुलूहून. किवीकाकांनी पश्चिमेकडचं सगळं सांगितलंय, पण ज्यांची माणसं तुतुइला किंवा मानुआ बेटांवरची, त्यांच्यासाठी लिहिते. तुतुइला १९०० मध्ये आणि मानुआ १९०४ मध्ये अमेरिकेकडे गेलं, म्हणून तिथलं दप्तर वेगळं. अमेरिकेच्या जनगणनेची १९२०, १९३०, १९४० ची पानं घरटी नावांसकट आहेत, गावाप्रमाणे लावलेली. जुन्या सरकारी कारभाराचे कागद सॅन फ्रान्सिस्कोजवळ सॅन ब्रुनोच्या राष्ट्रीय अभिलेखागारात. आणि तिथे मताई पदाची नोंद कडक आहे, निम्मं तरी सामोअन रक्त लागतं, आणि पद सहसा एकालाच. पश्चिमेकडे विभागून देतात तसं नाही. दोन्हीकडे नातेवाईक असलेली घरं भरपूर, सीमा आपण आखली, त्यांनी नाही.

जाता जाता, तारखांची एक गंमत. १८९२ साली सामोआने व्यापारासाठी अमेरिकेची तारीख धरली, त्यासाठी ४ जुलै दोनदा पाळला. मग २०११ मध्ये उलट फिरले आणि ३० डिसेंबर गाळून टाकला. पश्चिमेतल्या १८९२ आधीच्या नोंदीत एक दिवसाचा फरक आला तर घाबरू नका.

अक्षरगाठ

जवारी, दोन गावांचं मला सापडलं वाटतं! सावाईईवर माताव्हानू ज्वालामुखी १९०५ ला फुटला आणि १९११ पर्यंत वाहत होता. सालेआउला लाव्हाखाली गेलं. जर्मन सरकारने तिथल्या लोकांना उपोलूवर जमीन देऊन वसवलं, त्यातलं एक गाव लेआउवाआ. म्हणजे तुमच्या आत्याआजी आणि जन्मदाखला दोघंही खरं सांगतायत.

जवारी

ताई. मी हे वाचून नवऱ्याला झोपेतून उठवलं. तो नुसता ऐकत राहिला, मग म्हणाला, आजोबा टीव्हीवर कुठलाही ज्वालामुखी दाखवला की चॅनल बदलायचे.

कोयनेच्या धरणात गाव गेलेली माणसं मी पाहिलीत, माझ्या वर्गातली एक मुलगी होती तशी, नवीन वसाहतीत जन्मलेली पण गाव विचारलं की पाण्याखालचं सांगायची. तसंच हे.

जुलैच्या सुट्टीत जायचं ठरतंय. आत्याआजींशी बोलले, त्या म्हणाल्या कागद घेऊन येऊ नका, लेकीला घेऊन या.

घाटमाथा

वाचनखूण साठवली. एक माहिती, कुणाच्या उपयोगाची असेल तर. १३ मे १९२४ ते १९४८ अखेर पश्चिम सामोआत जन्मलेल्यांना १९८२ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या सर्वात वरच्या अपील कोर्टाने, न्यूझीलंडचे नागरिक ठरवलं होतं आणि त्याच वर्षी संसदेने कायदा करून ते काढून घेतलं. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये नवीन कायद्याने अर्ज करायचा हक्क परत दिलाय. म्हणजे सत्तर-ऐंशी-नव्वदीतल्या आज्यांच्या जन्माचा पुरावा शोधणं हे आता नुसतं हौसेचं काम नाही राहिलं. जवारी, तुमच्या आत्याआजींचं साल?

जवारी

१९४६! बापरे. आता कागद घेऊनच जाते, त्या काहीही म्हणोत.

जवारी (तीन महिन्यांनी)

आलो परत. उशीर झाला लिहायला, माफ करा, पण तिथून आल्यावर काही दिवस मला मराठीत काही सुचतच नव्हतं.

आधी सालेआउला. मुलिफानुआहून सालेलोलोगाची फेरी घेतली, तासाभराहून थोडा जास्त प्रवास, आणि मग उत्तरेकडून रस्त्याने. काळा दगड, नजर पोचेल तिथपर्यंत, त्याच्यावर झुडपं उगवलेली, आणि मधोमध लंडन मिशनच्या चर्चच्या भिंती उभ्या. छत नाही. लाव्हा दारातून आत शिरलेला आणि आत गोठलेला. जमिनीकडे बघा म्हणाला तिथला माणूस. त्या काळ्या दगडावर पत्र्याच्या वळ्या उमटल्यात, पन्हाळी पत्र्याच्या, एकेक वळी स्पष्ट. छत कोसळलं तेव्हा लाव्हा अजून मऊ होता. पत्रा गेला, ठसा राहिला. लेक त्या वळ्यांवरून बोट फिरवत बसली, उन्हात दगड तापलेला होता तरी उठेना. आमचं घर कॅथलिक, हे चर्च आमचं नव्हे, पण आमचं घर याच दगडाखाली कुठेतरी आहे.

मग लेआउवाआ. तिथे आणि सगळीकडेच घराच्या पुढ्यात थडगी असतात, अंगणातच, सिमेंटची, काहींवर फरशी, वर छप्पर. आपल्याकडे तुळशीवृंदावन असतं तिथे. पोरं त्यावर बसून अभ्यास करतात, धुणं वाळत घालतात. आत्याआजी रोज सकाळी नारळाच्या काथ्याने आईचं थडगं घासून काढतात. त्यांनी लेकीच्या हातात काथ्या दिला आणि घासायला बसवलं, आणि घासता घासता कोण कुठे आहे ते सांगायला लागल्या. नवरा दुभाष्या. एक थडगं बिननावाचं होतं, दगडाची नुसती चौकट. तिथे थांबून म्हणाल्या, हे तुझ्या पणजोबांनी बांधलं, १९१८ च्या चौघांसाठी. ते चौघं इथे नाहीत, कुठे पुरले माहीत नाही, पण जागा असावी म्हणून.

चर्चची वही पाद्रींनी स्वतः उघडून दाखवली, लॅटिनमध्ये, जोसेफुस. आणि तिथे उरलेल्या नावाचा उलगडा झाला. वहीत बापाचं जे नाव आहे तेच बायबलमध्ये. बोटीच्या यादीतलं नाव बापाचं नव्हेच, त्यांच्या आत्याच्या नवऱ्याचं. आजोबांना आत्याने वाढवलं होतं! दत्तकविधान वगैरे काही नाही, आत्याला मूल नव्हतं म्हणून एक मूल तिकडे गेलं, शाळेत तिच्या नवऱ्याचं नाव लागलं, पासपोर्टावर तेच. सामोअन भाषेत काकालाही बापाचाच शब्द, चुलतभावालाही भावाचाच, त्यामुळे कुणालाच त्यात वेगळं सांगण्यासारखं काही वाटलं नव्हतं. नवरा आयुष्यभर जे आडनाव लावतोय ते त्या माणसाचं आहे. मी विचारलं, आता बदलायचं का? तो म्हणाला, ज्याने वाढवलं त्याचं आहे, राहू दे.

आत्याआजींच्या अर्जाचे कागद झाले. त्यांच्या बाप्तिस्म्याची नोंद आणि दाखला, दोन्हींत अकरा महिन्यांचा फरक, पण दोन्ही १९४६ च, त्यामुळे अडचण नाही.

शेवटच्या रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी चटई अंथरली, नवऱ्याला सांगितलं फोन बंद कर, माझ्याकडे बघून हात केला, वही मिट. आणि लेकीला समोर बसवून गाफा म्हटली. बसूनच, हळू, मध्ये थांबत. मला सगळं कळलं नाही. किती पिढ्या ते मी मोजलं पण लिहिणार नाही, कुठल्या पदाशी जाऊन मिळते तेही नाही. त्यांनी तसं सांगितलंय. लेकीने दुसऱ्या दिवशी फेरीत बसल्यावर पहिली पाच नावं म्हणून दाखवली.

पन्हाळी, हेळव्यांचं तुम्ही लिहिलं होतं ते त्या रात्री सारखं आठवत होतं. किवीकाका, कोर्टात गेलो नाही, गरज पडली नाही, आणि त्या चुलतभावाने आम्हाला विमानतळावर घ्यायला गाडी आणली होती. अक्षरगाठ ताई, तुम्हाला त्या पत्र्याच्या ठशाचा फोटो पाठवलाय.

शाळेच्या वहीत लेकीने बाबाच्या बाजूला डोंगर म्हणून माताव्हानू लिहिलाय. मी म्हटलं, अगं त्यानेच तर गाव गिळलं. ती म्हणाली, पण तो तिथलाच आहे ना. आत्याआजींना फोनवर सगळं वाचून दाखवलं. डोंगराला त्या काही बोलल्या नाहीत. एकच दुरुस्ती सांगितली, गावांच्या ओळीत सालेआउला आधी लिही, लेआउवाआ नंतर.